तेल माझं, डाग तुझा

४ फेब्रुवारी

धाकटीस,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय. पत्र एवढ्यासाठी की फोनवर मी बोलणार नाही. फोन हा तुझा आणि आईचा प्रांत होता. तिथे मी कधी पाऊल टाकलं नाही, आता तरी कशाला टाकू? तू मेसेज पाठवतेस, पाठव. उत्तर पोस्टानं येईल. बोलायला लागलं की मी दुसऱ्या वाक्याला भांडते हे तुला माहीतच आहे. कागदावर निदान चौथ्या-पाचव्यापर्यंत पोचते.

तर, मी हे घर सोडतेय. महिनाअखेरीला किल्ल्या परत. आमच्या लॉन्ड्रीच्या वर एक खोली रिकामी झालीय. मालक म्हणाले तुम्हीच घ्या, सकाळी बॉयलर चालू करायला कोणीतरी जवळ असलेलं बरं. आई गेल्यावर मला एकटीला दोन खोल्या करायच्यात काय? शिवाय तीन जिने. गुडघे बोलायला लागलेत. कारण एवढंच आहे, त्यात आणखी काही शोधत बसू नकोस.

घर सोडायचं म्हणजे घर साफ करून द्यायचं. तू स्वतःच्या घरात राहतेस, तुला हे विसरायला झालं असेल. करारात लिहिलेलं असतं, घर जसं घेतलं तसं परत. वापरून जे झिजलं, विटलं, ते मालकाचं नशीब. पण भाडेकरूनं जी घाण केली ती भाडेकरूनं काढायची. नाही काढली तर मालक सफाई कंपनीची माणसं बोलावणार आणि त्यांचं बिल आपल्या डिपॉझिटमधून वळतं करून घेणार. सगळी भांडणं या दोहोंच्या मध्ये होतात. झीज कुठे संपते आणि घाण कुठे सुरू होते हे कोणी सांगावं? सांगतो मालकच.

परवा मालकीणबाई पाहणीला आल्या. खालच्याच मजल्यावर राहतात, तरी दिवसाउजेडी हातात टॉर्च घेऊन आल्या. शेगडीमागच्या फरशा बोटानं पुसून बघितल्या. नळावरचे पांढरे थर नखानं खरवडले. खिडकीच्या खोबणीत टॉर्च मारला. मी आपली मागे मागे, वही तपासायला दिलेल्या पोरीसारखी. सगळ्याला मी हो म्हटलं. ही माझी घाण, मी काढीन. मग त्या बाहेरच्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि दारामागची भिंत बघून थबकल्या.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "आई."

तिथे आई बसायची. जमिनीवर गादी, पाठीला उशी, डोकं भिंतीला. हे घर घेतल्यापासून रोज. तिच्या डोक्याएवढा तेलकट डाग आहे तिथे, मधे तपकिरी, कडेला पिवळट होत गेलेला. डोकेदुखीचं ते हिरव्या बाटलीतलं तेल, आठवत असेल. रोज झोपायच्या आधी मी ते तिच्या टाळूवर घालायचे आणि दुसऱ्या दिवशी ती ते भिंतीला पाजायची.

आणि तिथे बसून ती करायची काय? तुझ्याशी बोलायची. मी कामावरून येईपर्यंत. म्हणजे तेल माझं, डोकं तिचं आणि बोलणं तुझं. बाकी घराची घाण मी काढते, पण हा डाग तुझा आहे, धाकटे. याचं बिल आलं तर तू भरायचंस.

— थोरली

१२ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझा मेसेज मिळाला. लांबलचक होता. एवढं लिहायला तुला ऑफिसात वेळ मिळतो हे वाचून आनंद झाला.

तू म्हणतेस, "ताई, सगळंच बिल मी भरते. तू राबू नकोस, कंपनीची माणसं बोलाव." उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनी आहे. आई दवाखान्यात होती तेव्हाही तू हेच केलंस. पैसे आले, मागोमाग निरोप आला की नर्स ठेव. ठेवली. आई तिच्या हातून पाणी पिईना. शेवटी भांडं मीच धरलं. तुझे पैसे वाईट होते असं मी म्हणत नाही, पण पैशाला हात नसतात.

आणि त्याच मेसेजात, सगळ्यात खाली: "पण दारामागची ती भिंत पुसू नकोस, प्लीज. मला त्या घरातलं तेवढंच माहीत आहे."

ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला आणि कामाला गेले. डाग काढायच्या टेबलावर त्या दिवशी कोटांचा ढीग होता. कॉलर, बाही, खिसा, जिथे टाचणी लावलेली असेल तिथे डाग बघायचा. तो कशाचा आहे, किती जुना आहे, कापड कुठलं आहे, एवढंच आम्ही विचारतो. डाग पडला तेव्हा समोर कोण होतं हे आम्ही गिऱ्हाइकाला विचारत नाही. मी मात्र दिवसभर तेच घोकत होते.

तुझं खरं आहे, ते मला कबूल. आम्ही या घरात आलो तेव्हा तू परदेशी गेलेली होतीस. नंतर तुझं येणं झालं नाही. आधी सुट्टी नव्हती, मग लग्न, मग डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, मग बाळंतपण, आणि मग यायचं कारणच उरलं नाही. तुला इथली खिडकी ठाऊक नाही, मोरी ठाऊक नाही. व्हिडिओवर आईचं तोंड आणि तोंडामागे तो डाग, एवढंच तुझं घर. पण असं बघ, तोंड तुला दिसायचं. मला काय दिसायचं? सकाळी मी निघताना ती भिंतीकडे वळून झोपलेली, संध्याकाळी मी आले की लगेच जाऊन शेगडीसमोर उभी, माझं जेवण गरम करत. सात वर्षं मी तिची पाठ बघितली. तुझ्या वाट्याला ती समोरून आली.

मला तुझा हेवा वाटतो. हे एकदा लिहून टाकते म्हणजे पुढचं सोपं जाईल. आत्ताच वाटतो असं नाही, आई होती तेव्हाही वाटायचा. तू पाळण्यात होतीस तेव्हाही वाटायचा. आपल्या दोघींना एकाच वेळी ताप आला होता, तू फार लहान होतीस, तुला आठवणार नाही. तू रडत होतीस म्हणून आई तुला घेऊन बसली. मी रडत नव्हते, म्हणून मला दुसरी उशी दिली. तेव्हाच मला कळलं की आपल्या घरात रडणाऱ्याला मांडी मिळते आणि न रडणाऱ्याला उशी. कळलं तरी रडायला काही जमलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, आणि मी तर इथेच पिकले.

दोन गोष्टी तुला विचारायच्या आहेत. एक, आई गेल्यावर तू मेसेजात लिहिलंस, "तिला त्या नव्या डॉक्टरची भीती वाटायची ना." मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं. मीच तिला त्याच्याकडे नेत होते, शेजारच्या खुर्चीवर बसत होते, आणि मला माहीत नव्हतं. शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलीला जे सांगितलं नाही ते समुद्रापलीकडे कसं काय पोचलं?

दुसरी. तू लिहितेस, "आई फोन पटकन ठेवायची, मला नीट निरोपही घेऊ द्यायची नाही." वा. म्हणजे तक्रारही तूच करायची? अगं, मी दार ढकलून आत पाऊल टाकायचे तेव्हा ती रोज नुकताच फोन ठेवून उठत असायची. मोबाईल उशीखाली आणि चेहरा असा की जसं काही चाललंच नव्हतं. माझ्यासमोर बोलता येऊ नये असं तुमचं काय चालायचं? माझा पगार? माझं न झालेलं लग्न? मी कधी विचारलं नाही. दाराला कान लावणाऱ्यातली मी नाही. पण बूट काढता काढता माणसाला जे समजायचं ते समजतं.

भिंतीचं काय करायचं ते मी बघते. डाग काढणं माझा धंदा आहे, जपून ठेवणं नाही.

— थोरली

१७ फेब्रुवारी

धाकटीस,

आज स्वयंपाकघर आवरलं. शेगडीमागच्या फरशांना सोडा आणि गरम पाणी थापून ठेवलं होतं. चिकट थर सालीसारखा निघाला. खाली फरशीचा रंग फिकट हिरवा आहे हे मला आज कळलं. मी इतकी वर्षं ती पिवळी समजत होते.

वरच्या फळीवर, अगदी मागे, कागदात गुंडाळलेला एक कप सापडला. निळ्या काठाचा, पातळ. आईनं तो घेतला होता तू आलीस की तुला चहा द्यायला. मी एकदा त्यात चहा ओतायला गेले तर माझ्या हातातून काढून घेतला. "तो राहू दे, तिचा आहे." माझा कप कसा आहे ते तुला सांगते. आतून तपकिरी, कान उडालेला, घासून घासून वरचं फूल पुसलेलं. तुझ्या कपाला एक डाग नाही. असेल कसा? त्यात कोणी कधी काही प्यालंच नाही.

मी तो धुतला. धुवायची गरज नव्हती. मग त्यात चहा ओतून उभ्यानंच प्यायले. चहा चहासारखाच लागतो, सांगून ठेवते.

— थोरली

२३ फेब्रुवारी

धाकटीस,

मालकीणबाई पुन्हा येऊन गेल्या. नळांना मी व्हिनेगरमधे भिजवलेली फडकी गुंडाळून ठेवली होती, आता ते चकाकताहेत. मालकीणबाईंनी नळात बघून केस सारखे केले, तेव्हाच मी ओळखलं की न्हाणीघर पास झालं. खिडक्यांच्या खोबणी मी जुन्या टूथब्रशनं घासल्या. स्वयंपाकघरात त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून थोड्या नाराजच झाल्या. काही सापडलं नाही ना.

दारामागची भिंत मी तशीच ठेवली होती. तू म्हणालीस म्हणून नाही. मला तिच्यावरून वाद घालायचा होता.

मी म्हटलं, "ही झीज आहे. माणूस घरात राहतं म्हणजे भिंतीला टेकणारच. टेकलं म्हणून घाण झाली असं नसतं. भिंत असते कशाला?"

"वापर म्हणजे खुर्चीत बसणं, पलंगावर निजणं," त्या म्हणाल्या. "दारामागे जमिनीवर कोण बसतं हो? तिथे वारा नाही, उजेड नाही, कोणी दार उघडलं की गुडघ्यावर आदळतं. फोनला धड रेंजसुद्धा येत नाही तिथे. मी त्यांना किती वेळा सांगितलं, काकू, खिडकीपाशी बसा, मोकळं वाटेल, बोलणंही नीट ऐकू येईल. पण ऐकतील तर ना."

"मग बसायची कशाला ती तिथे?" मी विचारलं. मला वाद जिंकायचा होता, उत्तर नको होतं.

"कशाला म्हणजे? तुमच्यासाठी."

मी फडक्याची घडी घातली.

"खालच्या लोखंडी दाराची कडी तिथे ऐकू येते म्हणायच्या. खिडकीपाशी बसलं की रस्त्याचा आवाज, काही कळत नाही. मी भाड्याचं बोलायला वर आले तरी मला हातानं गप्प करायच्या. कडी वाजली की फोनवर कोणी का असेना, 'आली ती' म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. मग तुमची पावलं ऐकत बसायच्या. तुम्ही पहिल्या जिन्यावर थांबलात की म्हणायच्या, आज दमलीय. न थांबता आलात की म्हणायच्या, आज कोणाशी तरी वाजलंय, आधी चहा टाकायला हवा. आणि भिंतीला धरून उठायच्या. आता अशी वाट बघून कोणी भिंत खराब केली तर तो घराचा वापर कसा होईल? हे तुमच्या घरातलं झालं. याचं बिल तुम्हालाच लागणार."

वाद मी हरले. मालकीणबाई जिंकून खाली गेल्या. मी तिथेच फडकं हातात धरून उभी राहिले.

तुला खरं सांगते, हे मी लिहिणार नव्हते. हेच पत्र आधी याच्याशिवाय लिहिलं होतं. नळांवर संपत होतं, छान झालं होतं. फाडलं. तुझ्यावर दया आली म्हणून नाही. तो अख्खा डाग मी तुझ्या गळ्यात बांधला होता, आणि तो अर्धा तरी माझा आहे. अर्ध्याहून जास्तही असेल. माझी वस्तू तुझ्याकडे राहावी हे मला कधीच खपलं नाही, तुला माहीत आहे.

टेबलावर एकावर एक पडलेले दोन डाग आले की आधी वरचा काढायचा, मग खालचा. इथे वरचा कोणता आणि खालचा कोणता, हे मला काही केल्या कळत नाही.

हात ओले आहेत, अक्षर पसरतंय. थांबते.

— थोरली

२ मार्च

धाकटे,

पत्ता बदललाय, पाकिटाच्या मागे लिहिलाय, तो जपून ठेव. किल्ल्या दिल्या. आता क्रमानं सांगते, नाहीतर मी मधलंच गाळीन.

घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी मालकीणबाईंनी सांगितलं की उद्या कंपनीची दोन माणसं येतील, ती भिंत घासतील. बिलाचं मला काही वाटलं नाही, ते तू भरणारच होतीस. पण दोन परकी माणसं हातमोजे घालून त्या जागेवर ब्रश चालवणार हे काही मला चालेना. जायचाच असेल तर माझ्या हातानं जाऊ दे.

लॉन्ड्रीत इस्त्रीवाल्या काकांकडे कॉलरची छोटी इस्त्री मागितली.

"कशाला गं?"

"भिंतीला इस्त्री करायचीय."

"का, सुरकुत्या पडल्यात?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. काकांनी इस्त्रीबरोबर टीपकागदही दिले. म्हणाले, फार तापवू नकोस, जुनं तेल सावकाश येतं, घाई केलीस तर आणखी आत जाईल.

तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तेलाचा डाग पाण्यानं घासत बसायचं नसतं, तो ओढून घ्यायचा असतो. वर टीपकागद धरायचा, कागदावरून कोमट इस्त्री फिरवायची. ऊब लागली की तेल सुटतं आणि कागदात चढतं. म्हणजे डाग नाहीसा होत नाही, जागा बदलतो. कागद आम्ही केराच्या डब्यात टाकतो. इतक्या वर्षांत इतक्या कॉलरी केल्या, डब्यात काय गेलं याचा कधी विचारही केला नाही.

आई बसायची तिथे मी गुडघ्यांवर बसले, दार लोटून घेतलं, भिंतीला कागद लावला आणि इस्त्री टेकवली. थोड्या वेळात वास आला. हिरव्या बाटलीचा. मी आत्ताच तिच्या टाळूवर तेल घालून उठलेय असा. इस्त्री सुटेल की काय असं वाटलं, पण धंद्यातली बाई आहे मी, सुटली नाही.

आणि तेवढ्यात खाली कडी वाजली.

पहिल्या मजल्यावरचं कोणीतरी आलं असेल. पण मला ती अशी ऐकू आली की जसं दार हाताशी आहे. मग पावलं, मग खोकला, मग किल्ल्यांचा आवाज. सगळं. या घरात इतकी वर्षं राहून ती कडी वर ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी कायम कडीच्या त्या बाजूला होते.

मला रडू आलं. तापाचं सांगितलं ना तुला, तेव्हा जमलं नव्हतं. आता जमलं, पण आता मांडी कुठली.

पहिला कागद गडद निघाला. मधे तपकिरी, कडेला पिवळट, भिंतीवर होता तसाच. दुसरा फिका. तिसऱ्यावर काही नव्हतंच, तो टाकला. आणि भिंत बघते तर काय, डाग गेला, पण तेवढीच जागा उजळ झाली. आजूबाजूची भिंत इतक्या वर्षांत मळकी झालेली, आणि मधे आईच्या डोक्याएवढा स्वच्छ गोल. आधी लांबून दिसत नव्हता, आता पार खिडकीपासून दिसतो.

मालकीणबाई आल्या, बघितलं, म्हणाल्या, "हे आणखीच उठून दिसायला लागलं की." मी म्हटलं, घाण होती ती मी काढली. उरली ती जुनी भिंत. तिचं काय? त्यांनी त्या गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ती झीज. ती माझी." कंपनीला फोन करून येऊ नका म्हणाल्या. पुढच्या भाडेकरूच्या आधी रंग देणार आहेत म्हणे. जाताना मात्र दार लोटून त्यांनी पुन्हा एकदा मागे बघितलं. किती दिवसांत रंग देतील, मला शंका आहे.

बोचक्यांवर बसले होते तेव्हा तुझा मेसेज आला. इथे उतरवून काढते, म्हणजे मला पुन्हा वाचायला मिळेल. तू लिहिलंस:

"ताई, ती मला रोज मधेच तोडायची. 'आली गं ती, ठेवते.' माझं कधी एक वाक्य पुरं झालं नाही. मुलीचा पहिला दात आला हे सांगत होते, तेव्हासुद्धा तू आलीस. डॉक्टरचंही ती अर्धंच बोलली होती. वर म्हणाली, ताईला सांगू नकोस, तिला आधीच फार आहे. मला तुझ्या पायांचा राग यायचा, ताई. इतक्या लांब असून मला ते ऐकू यायचे."

वाचलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? गोड वाटलं. तुला माझा हेवा वाटत होता आणि ही बातमी मला आत्ता मिळतेय. आधी सांगितली असतीस तर मी तो जिना जरा ताठ मानेनं चढले असते. मग पुन्हा वाचलं आणि तो दात मनाला लागला. तो मला सांग कधीतरी, पुरा सांग.

आता गुडघ्यांचं. गुडघे ठीक आहेत. आई होती तोवर त्या घराची किल्ली मला कधी खिशातून काढावी लागली नाही. मी वर पोचायचे तर दार नुसतं लोटलेलं असायचं. मी तिला ओरडायचे, कडी लावायला विसरतेस, कोणी आत शिरेल. ती म्हणायची, हो गं, विसरले. ती गेल्यावर मी रोज किल्लीनं दार उघडत होते. एवढंच मला जमेना. म्हणून घर सोडलं.

दुसरा कागद या पाकिटात घातलाय. फिका आहे, उजेडासमोर धरलास तर दिसेल. वास प्रवासात उडाला असेल तर माझा इलाज नाही.

गडद कागद मी ठेवलाय. तो मागू नकोस, देणार नाही. अर्धा कापून दे म्हणशील, तेही होणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. पण बघायला मिळेल. ये. मुलीला घेऊन ये. निळ्या काठाचा कप इथे आणलाय आणि मी तो रोज वापरते. आतून डाग धरायला लागलाय, त्यावरून आपल्याला भांडता येईल.

खोलीचं दार लॉन्ड्रीच्या मागच्या अंगाला आहे, जिना चढून वर, पत्र्याचं. बेल नाही. कडी जोरात वाजव. खाली बॉयलरचा आवाज असतो, पण मी पलंग दारापाशी ओढून घेतलाय. तिथे ऐकू येतं.

— ताई